मित्रांसोबत वाइन-टेस्टिंगचं जेवण: पहिल्या निरोपापासून उरलेल्या बाटलीपर्यंत

वाइन चाखायला मित्रांना जेवायला बोलवायचं ठरलं की पहिला मोह होतो तो जास्तीत जास्त बाटल्या जमवण्याचा. मी पहिल्यांदा असा बेत केला तेव्हा आम्ही सहा जण होतो आणि टेबलावर नऊ वाइन होत्या. पाचव्या वाइनपर्यंत गप्पा वाइनच्या होत्या. पुढच्या चार बाटल्यांचं कुणाच्याच काही लक्षात राहिलं नाही. त्यातली एक बाटली मी कित्येक महिने जपून ठेवली होती. तिची चव कशी होती हे मला आजही सांगता येत नाही, आणि त्याची हळहळ अजून वाटते.

तेव्हापासून माझे दोन आग्रह आहेत. पहिला, वाइन कमी ठेवायच्या आणि जोडीने चाखायच्या. एकटी वाइन समोर आली की ‘छान आहे’ यापलीकडे शब्द सुचत नाहीत. शेजारी दुसरा ग्लास ठेवला की ‘ही जास्त आंबट’, ‘हिचा वास पिकलेल्या फळाचा’ असं आपसूक तोंडातून निघतं. दुसरा आग्रह, प्रत्येकाला आपलं मत दुसऱ्याचं मत ऐकण्याआधी बनवता आलं पाहिजे. पुढची सगळी आखणी या दोन गोष्टींसाठीच आहे.

माणसं किती, वाइन किती

सहा ते आठ माणसं ही उत्तम संख्या. त्याहून जास्त झाली की टेबलावर दोन गट पडतात आणि एकाच वाइनबद्दल सगळे मिळून बोलणं थांबतं. वाइन पाच पुरेत: दोन व्हाइट, दोन रेड आणि शेवटी एक गोड.

थोडं गणित आधीच करून ठेवा. नेहमीची बाटली ७५० मिलिलिटरची असते आणि चाखण्यासाठी ५० मिलिलिटर पुरते. आठ जणांना ओतून झाल्यावरही बाटलीत साधारण ३५० मिलिलिटर उरते आणि तीच जेवणाबरोबर घेता येते. म्हणून प्रत्येक वाइनची एकच बाटली लागते.

हेच गणित दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवं. पाच वाइन प्रत्येकी ५० मिलिलिटर म्हणजे २५० मिलिलिटर. वाइन १३ टक्क्यांची धरली तर नुसत्या चाखण्यातच माणशी सुमारे २५ ग्रॅम अल्कोहोल पोटात जातं. जेवताना उरलेल्या बाटल्या संपवल्या तर हा आकडा जवळपास दुप्पट होतो. त्यामुळे बाटल्या संपल्याच पाहिजेत असा हट्ट धरू नका, आणि आठ जणांसाठी पाचाच्या वर बाटली उघडू नका.

विषय ठरवा

‘आवडेल ती वाइन आणा’ म्हटलं की संध्याकाळ विस्कळीत होते. जोडीतल्या दोन वाइनमध्ये बरंचसं सारखं आणि एकच गोष्ट वेगळी असावी, म्हणजे त्या एका गोष्टीचा परिणाम जिभेला कळतो.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे द्राक्ष एक आणि प्रदेश दोन. सोव्हिन्यों ब्लांक घ्या: फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली सॉन्सेर आणि न्यूझीलंडच्या मार्लबरोची वाइन शेजारी ठेवा. पहिली बहुधा संयमी आणि खडूसारखी कोरडी वाटते. दुसरीचा पॅशनफ्रूट आणि ताज्या कापलेल्या गवतासारखा वास ग्लास नाकाशी नेण्याआधीच पोहोचतो. शार्डने या पांढऱ्या द्राक्षाची जोडी ओक लाकडाच्या पिंपाचा परिणाम समजून घ्यायला सर्वांत चांगली. फ्रान्सच्या शाब्लीची साधी वाइन बहुतेक वेळा ओकपासून लांब ठेवलेली असते. तिच्या शेजारी पिंपात मुरवलेली कॅलिफोर्नियाची शार्डने ठेवली की व्हॅनिला, भाजलेल्या ब्रेडचा वास कुठून येतो ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. रेडमध्ये सिरा आणि शिराझ. नावं दोन, द्राक्ष एकच. फ्रान्सच्या उत्तर रोन खोऱ्यातली वाइन काळ्या मिरीच्या वासाची आणि काटक, तर ऑस्ट्रेलियाच्या बारोसाची जाडसर आणि जॅमसारख्या फळाची.

एकाच उत्पादकाची एकच वाइन वेगवेगळ्या सालांची घेऊन तुलना करणं हा प्रकार सुंदर आहे, पण बाटल्या मिळणं अवघड असतं. पहिल्या बेतासाठी मी तो सुचवणार नाही.

निरोप आणि बाटल्यांची जबाबदारी

निमंत्रण दोन आठवडे आधी द्या. त्यातच चार गोष्टी विचारून घ्या: कोणाला काय खायला चालत नाही, कशाची अॅलर्जी आहे, परत जाताना गाडी कोण चालवणार, आणि कोण पिणार नाही. न पिणाऱ्याला कारण विचारू नका. वास घेणं, झाकलेल्या बाटल्या ओतणं, गुणांची नोंद ठेवणं ही खरी आणि महत्त्वाची कामं आहेत, आणि न पिणारा माणूस ती सर्वांत नीट करतो. त्याच्यासाठी अल्कोहोलविरहित पेयही तितक्याच विचाराने आणा. साखरेचं सरबत एवढ्यावर भागवू नका.

बाटल्या प्रत्येकाने एकेक आणायच्या की एकाने सगळ्या घेऊन खर्च वाटून घ्यायचा? माझं मत दुसऱ्या पद्धतीला. प्रत्येकाने आणलं की विषय हमखास सुटतो, एकाची बाटली महाग आणि दुसऱ्याची स्वस्त निघाली की अवघडलेपण येतं, आणि गार करण्याची वेळही हातातून जाते. माणशी कमाल रक्कम निमंत्रणातच लिहा. जो पिणार नाही त्याच्याकडून फक्त जेवणाचा वाटा घ्या.

बाटल्या झाका

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण संध्याकाळ रंगते ती यामुळेच.

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये इंग्लिश वाइनविक्रेते स्टीव्हन स्परिअर यांनी फ्रेंच परीक्षकांसमोर फ्रान्स आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नाव न सांगता ठेवल्या. व्हाइटमध्ये शातो मॉन्टेलीनाची १९७३ची शार्डने पहिली आली, रेडमध्ये स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ची कॅबर्ने सोव्हिन्यों, दोन्ही कॅलिफोर्नियाच्या. लेबलं उघडी असती तर असा निकाल लागणं अवघडच होतं. २००१ साली बोर्डो विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना त्यांनी एक व्हाइट वाइन आणि तीच वाइन बिनवासाच्या रंगाने लाल करून दिली होती. लाल ग्लासाचं वर्णन करताना विद्यार्थ्यांनी रेड वाइनचे शब्द वापरले. २००८च्या एका प्रयोगात एकच वाइन दोन वेगळ्या किमती सांगून दिली, तर महाग म्हणून सांगितलेली लोकांना जास्त आवडली. यात कुणाचाही अडाणीपणा नाही. आपला मेंदू डोळे आणि कान वगळून चव घेतच नाही. म्हणून नाव आणि किंमत थोडा वेळ दूर ठेवायची.

झाकण्याची पद्धत साधी आहे. बाटलीच्या तोंडावरची फॉइल पूर्ण काढा, बूच किंवा फिरकीचं झाकण नजरेआड करा आणि बाटली कागदी पिशवीत घालून गळ्याशी रबर लावा. बाटलीचा आकारही बोलतो, हे विसरू नका: बोर्डोची बाटली सरळ खांद्यांची, बर्गंडीची उतरत्या खांद्यांची, रीझलिंगची उंच आणि सडपातळ. त्यामुळे पिशवी सैल हवी. यजमानालाही खेळात राहायचं असेल तर एकाने बाटल्या पिशवीत घालाव्यात आणि दुसऱ्याने, पहिला खोलीबाहेर असताना, जोडीतल्या पिशव्यांवर क्रमांक टाकावेत. मग दोघांनाही उत्तर माहीत नसतं.

मंडळी सरावलेली असतील तर तीन ग्लासांची परीक्षा घ्या: दोन ग्लासांत एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळी कोणती ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने तीनातल्या एकाचं उत्तर बरोबर येतंच. म्हणून आठातल्या सहाजणांनी ओळखलं तरच फरक ठळक आहे असं म्हणा.

ग्लास आणि टेबल

चाखण्याच्या ग्लासासाठी आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ ३५९१. वर निमुळता होणारा, सुमारे २१५ मिलिलिटरचा हा ग्लास ५० मिलिलिटर वाइनसाठी बेतलेला आहे. तोच हवा असं नाही. बिनरंगी, पातळ काठाचा आणि तोंडाशी निमुळता कुठलाही ग्लास चालतो; सर्व ग्लास एकसारखे असणं जास्त महत्त्वाचं, कारण ग्लास बदलला की वासही बदलतो. माणशी दोन ग्लास धरा. दुसऱ्या जोडीच्या वेळी ते पाण्याने विसळण्याऐवजी पुढच्याच वाइनचे काही थेंब फिरवून ओतून टाका, म्हणजे तळाशी पाणी राहत नाही. ग्लास सकाळीच हुंगून पाहा. कपाटाचा, पुसण्याच्या फडक्याचा किंवा साबणाचा वास त्यात हमखास लपलेला असतो.

टेबलावर पांढरा कागद हवा, त्यावर दोन गोल काढून १ आणि २ लिहा. शेजारी पेन्सिल, साधं पाणी, बिनमसाल्याचा पाव, आणि थुंकण्यासाठी प्रत्येकाला एक अपारदर्शक कप. थुंकायला संकोच वाटू नये म्हणून यजमानाने पहिल्याच वाइनला तो कप वापरावा. दिवे भरपूर. सुगंधी मेणबत्त्या, उदबत्ती आणि उग्र वासाची फुलं टेबलापासून दूर ठेवा, आणि अत्तर लावून येऊ नका हे निमंत्रणातच नम्रपणे सांगा.

तापमान: इथेच बहुतेक बेत फसतात

रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी असं म्हणतात, पण तो सल्ला जुन्या युरोपीय घरांतल्या थंड खोल्यांचा आहे. २५ अंशांना जड रेड वाइन घेतली तर नाकात आधी अल्कोहोल झोंबतं आणि चव सैल पडते. तिला १५ ते १८ अंश सेल्सिअस हवेत. पीनो न्वारसारख्या हलक्या रेडला १२ ते १४. हलकी व्हाइट ७ ते १०, ओकमध्ये मुरवलेली भरदार व्हाइट १० ते १३. स्पार्कलिंग (फसफसणारी) आणि गोड वाइन ६ ते ८ अंशांना चांगली लागते.

प्रत्यक्षात असं करा: व्हाइट तीन तास फ्रिजमध्ये ठेवा आणि भरदार व्हाइट असेल तर ओतण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढा. रेड उलट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. घाई झालीच तर बादलीत बर्फ, तेवढंच पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवा. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटली सावकाश गार होते, कारण खड्यांच्या मधल्या फटींत हवा असते. संशय असेल तेव्हा वाइन दोन अंश जास्त गारच ओता. ग्लासात तिचं तापमान आपोआप चढतं, उतरत मात्र नाही. जोडीतल्या दोन्ही बाटल्या एकाच तापमानाला असल्या पाहिजेत, नाहीतर तुम्ही द्राक्षांची नव्हे, फ्रिजची तुलना कराल.

उघडताना

पाहुणे येण्याच्या तासभर आधी सगळ्या बाटल्या उघडून एकेक लहान घोट तपासा. यजमानाला उत्तर माहीत नको असेल तर हे काम पिशवीत भरणाऱ्यावर सोपवा. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा दमट तळघराचा वास आला आणि फळाचा वास दबलेला वाटला, तर ती वाइन बुचाने बिघडलेली आहे. टीसीए नावाचं संयुग लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. ते आरोग्याला अपायकारक नाही, पण बाटली हवेत ठेवून सुधारत नाही. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा ठळक वास हाही दोषच. अशा वेळेसाठी त्याच विषयाची एक राखीव बाटली हवी. लागली नाही तर ती बंदच राहू द्या.

नुसतं बूच काढून ठेवल्याने वाइन ‘श्वास’ घेत नाही, कारण गळ्याशी हवेचा संपर्क नाणेभर जागेतच येतो. तरुण, तुरट रेड तासभर आधी रुंद भांड्यात ओता, आणि झाकून ठेवायची असेल तर धुऊन सुकवलेल्या त्याच बाटलीत परत भरा. जुनी रेड मात्र आदल्या दिवसापासून उभी ठेवा, गाळ खाली बसू द्या आणि ऐनवेळी हलक्या हाताने ओता. जास्त हवा तिला सोसत नाही.

पाचातल्या एका बाटलीऐवजी सुरुवातीला स्पार्कलिंग देणार असाल तर लक्षात ठेवा, त्या बाटलीत पाच-सहा वातावरणांचा दाब असतो. तार सोडवल्यापासून बुचावरचा अंगठा काढू नका, बाटली तिरपी आणि माणसांपासून दुसरीकडे वळवून धरा, बूच घट्ट धरून बाटली फिरवा.

चाखणं: आधी दोन मिनिटं शांतता

पाहुणे आल्यावर आधी काहीतरी साधं खायला द्या. रिकाम्या पोटी सुरू करू नका. मग पहिली जोडी ओता आणि एकच नियम सांगा: दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही, फक्त लिहायचं. टेबलावर एकाने आत्मविश्वासाने ‘चेरी’ म्हटलं की सगळ्यांना चेरीच येते. सर्वांत जाणकार माणसाला म्हणूनच शेवटी बोलायला सांगा.

लिहायचं काय? रंग पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरून पाहा. ग्लास न हलवता एकदा वास घ्या, मग गोल फिरवून पुन्हा. घोट तोंडभर फिरू द्या. जिभेच्या टोकाला गोड आणि कडेला आंबट हा जुना नकाशा चुकीचा आहे, सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. आंबटपणा मोजायचा तर तोंडाला किती पाणी सुटतं ते पाहा. टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारा घटक, मोजायचा तर हिरड्या किती खरखरीत वाटतात ते पाहा. शेवटी, गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती सेकंद टिकते ते मोजा. ग्लासाच्या कडेवरून ओघळणारे ‘अश्रू’ मात्र दर्जाची खूण नाहीत. ते प्रामुख्याने अल्कोहोलचं प्रमाण सांगतात.

शब्द सुचत नसतील तर अॅन नोबल यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस संकुलात १९८०च्या दशकात तयार केलेलं वासांचं चक्र उपयोगी पडतं. त्यात मधून बाहेर जायचं: आधी ‘फळ’, मग ‘लिंबूवर्गीय’, मग ‘ग्रेपफ्रूट’. पण ते चक्र शांततेची दोन मिनिटं संपल्यावरच दाखवा. आजीच्या कपाटाचा वास, पहिल्या पावसाची माती, शाळेतलं खोडरबर असे स्वतःचे शब्द कागदावर आधी येऊ द्यात. ते अधिक खरे असतात आणि वर्षानंतरही ती वाइन आठवून देतात.

प्रत्येक जोडीला पंचवीस मिनिटं द्या. दोन्ही जोड्या संपल्या की हात वर करून आवडती निवडा आणि मगच पिशव्या काढा. मी हे जेवणाआधी करतो, कारण मग प्रत्येक जण आपल्याला भावलेली बाटली उघड्या डोळ्यांनी ताटाशेजारी घेऊ शकतो.

जेवण

चाखणं आणि जेवण वेगळं ठेवा, कारण पहिल्या घासाबरोबर वाइन बदलते. ती कशी बदलते हे मेजावरच दाखवता येतं. प्रत्येकाला बशीत लिंबाची फोड, चिमूटभर मीठ आणि थेंबभर मध द्या. लिंबू चाटून व्हाइटचा घोट घेतला की ती एकदम मवाळ लागते. मधानंतर तीच वाइन पातळ आणि आंबट होते. मिठानंतर रेडचा तुरटपणा उतरतो. सर्वांत जास्त हसू आणि आश्चर्य मी या पाच मिनिटांत पाहिलं आहे.

पदार्थ निवडण्याचे नियम यातूनच निघतात. जेवणात थोडं मीठ आणि थोडा आंबटपणा असला की बहुतेक वाइन खुलतात. तुरट रेडला प्रथिनं आणि स्निग्धता हवी: मांस, चीज, लोणी. तिखटाबरोबर जास्त अल्कोहोलची वाइन आणखी जाळते, तिथे कमी अल्कोहोलची, जराशी गोड व्हाइट बरी. मशरूमसारख्या उमामी, म्हणजे खोल मांसल चवीच्या पदार्थात मीठ कमी पडलं तर रेड कडवट होते. माशांबरोबर रेड घेतल्यावर तोंडात कधी कधी उग्र वास राहतो, त्यामागे वाइनमधलं लोह असतं; मासे असतील तर व्हाइट ठेवा. आणि शेवटच्या गोड पदार्थापेक्षा गोड वाइन जास्त गोड हवी, नाहीतर ती आंबट भासते.

यजमानाने स्वयंपाकघरात अडकू नये, म्हणून आदल्या दिवशी होणारे किंवा ओव्हनमध्ये स्वतःच शिजणारे दोन मुख्य पदार्थ पुरेत. एक व्हाइटसाठी, एक रेडसाठी. सात वाजता बोलावलं तर सव्वासातला पहिली जोडी, पावणेआठला दुसरी, साडेआठला जेवण, दहाच्या सुमारास गोड वाइन. प्रत्येकाच्या ग्लासाशेजारी पाण्याचा ग्लास कायम भरलेला हवा.

निघताना आणि दुसऱ्या दिवशी

ज्याने घोट गिळले आहेत त्याने गाडी चालवायची नाही. ‘मी ठीक आहे’ हे उत्तर धरू नका. कोण कसं जाणार हे निमंत्रणाच्या वेळीच पक्कं झालेलं असावं. गरज पडली तर झोपायची सोय करून ठेवा.

उरलेली वाइन, रेडसुद्धा, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. ती तीन ते पाच दिवस चांगली राहते. स्पार्कलिंगला दाब धरणारं खास झाकण लागतं आणि ती एक-दोन दिवसांत संपवावी. कोणत्या क्रमांकाला कोणती वाइन होती आणि कोणी काय लिहिलं, त्या कागदांचे फोटो सगळ्यांना पाठवा. दुसऱ्या संध्याकाळी त्याच बाटलीतला एक घोट घेऊन स्वतःचा कागद पुन्हा वाचा. तुरट म्हणून मागे पडलेली रेड रात्रभरात मऊ झालेली मला अनेकदा भेटली आहे, आणि पुढच्या बेतात ती तासभर नव्हे, तीन तास आधी ओतायची हे मी तेव्हाच त्या कागदावर लिहून ठेवतो.